शिवडीच्या चिखलात दोन फटके

मॅडम, काल माझ्याकडे उन्हाळी इंटर्नशिपला आलेल्या एका मुलीने खाडीवर पक्षी पकडणाऱ्या माणसावर बांबू उगारला, आणि मी तिच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. "त्याने जिवंत पक्ष्यांच्या माना पिरगाळल्या, मॅडम," एवढंच म्हणाली. माझा हात अजून चुरचुरतोय. तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण कालपासून तुमच्याशीच बोलायचं आहे.

मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात तुमची विद्यार्थिनी होते. शिवडीच्या खाडीवर पक्षी मोजायला जायचं म्हणून ओहोटीची वेळ बघून सकाळीच गिरगावात तुमच्याकडे यायचे. तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून मला पोहे खायला लावायचात. "उपाशीपोटी पक्षी मोजलेस तर दहाचे वीस दिसतील." तुमच्या भावाचे जुने गमबूट मला दिलेत, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. लालबागच्या आमच्या चाळीत ते दाराबाहेर वाळत ठेवले की शेजारी हसायचे. मला मात्र ते घालून चालताना आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

त्या सकाळी तिवरांच्या मागे बारीक नायलॉनचं जाळं लागलेलं आहे. त्यात तुतवार पक्षी लटकलेत, काही मेलेले, काही फडफडणारे. एकाचा पाय दोऱ्याने कापून नुसत्या कातडीवर लोंबतोय. मी दुसऱ्याला हिसडा देऊन ओढलं तर माझ्या मुठीत त्याचा पंख कडकन मोडला. तुम्ही माझं मनगट धरलंत. "राग माणसाचा आणि ओढतेस पक्ष्याला? कात्री घे." तुम्ही एकेक दोरा कापत होतात, तेवढ्यात तो वल्हं घेऊन आला.

"माझं जाळं कापता? पोरं काय खातील माझी?"

"कायदा माहीत आहे ना तुम्हाला?" तुम्ही शांतपणे म्हणालात. पहिलं वल्हं तुमच्या खांद्यावर बसलं. दुसरं कपाळावर. भुवई उभी फाटली आणि तुम्ही गुडघ्यांवर चिखलात बसलात, दोन्ही डोळे रक्ताने भरलेले. मी दुर्बिणीचा लोखंडी ट्रायपॉड उचलला. त्याच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो आईच्या नावाने ओरडत चिखलात लोळत होता.

चौकीवर हवालदाराने विचारलं, कोणी मारलं? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मी. मुलगी लांब होती." भुवईला टाके घालून परतताना टॅक्सीत मी रडायला लागले, तर माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुझं पुढचं सगळं आयुष्य पडलंय. तू मला वाचवलंस, बस्स." घरी आईने विचारलं, "हाताक काय झाला गो?" मी पडले म्हणून सांगितलं.

कॉलेजने तुमचं खाडीवरचं काम बंद केलं. तुमचा डावा डोळा हळूहळू गेला. पुढची सगळी वर्षं तुम्ही प्रयोगशाळेत बरणीतले बेडूक दाखवत राहिलात आणि तारखेला कोर्टात जाऊन उभ्या राहत होतात. एकदा परळच्या बाजारात मला तो दिसला. वाकड्या हाताने त्याला भाजीची पिशवीही उचलता येत नव्हती. मी गल्ली बदलली.

काल त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला ओळखीचं होतं, म्हणून मारलं. त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत रक्त होतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. तुम्ही खाली बसलात तसं घाबरून त्याने वल्हं टाकलं होतं. दोन्ही हात वर करून "बाई, बाई" करत तो तुम्हाला उठवायला वाकला होता. तेव्हा मी मारलं. आणि तो पडल्यावर पुन्हा त्याच हातावर मारलं. तुम्हाला वाचवायला नाही. मला ते बरं वाटत होतं.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तुम्ही असतात, तर मी ते लिहिलंच नसतं.