गाळलेला ‘अ’

३ ऑक्टोबर

ती. ताईस,
प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या नऊ चुका होत्या, त्या तांबड्या पेन्सिलीने दाखवून पत्र सोबत परत पाठवतो आहे. राग मानू नकोस. अकरा वर्षं छापखान्यात प्रूफं तपासल्यावर माणसाला बहिणीचं पत्रही सरळ वाचता येत नाही.

बातमी अशी की आमच्या प्रूफखात्याचे मुख्य महिनाअखेर निवृत्त होताहेत. त्यांच्या जागेसाठी दोघंच आहोत, मी आणि माझ्यासमोर बसणाऱ्या बाई. बाई मूळ प्रत मोठ्याने वाचतात आणि मी प्रुफावर नजर ठेवतो. वाचताना त्या प्रत्येक स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने म्हणतात, म्हणून अख्खा छापखाना त्यांना स्वल्पविरामबाई म्हणतो. दूधवाल्याशी भांडतानाही त्या मध्येमध्ये स्वल्पविराम म्हणत असणार.

गेल्या आठवड्यात मोठा अनर्थ टळला. नव्या कॅलेंडरात मार्चमधला एक रविवारच नाहीसा झाला होता, शनिवारला लागून थेट सोमवार. बाई वाचता वाचता थांबल्या. मी म्हणालो की मूळ प्रतीतच तसं आहे, आपलं काम ताडून बघायचं, तुम्ही पुढे वाचा. त्या हटूनच बसल्या की रविवाराशिवाय आपण पुढे जाणार नाही. शेवटी मी पेन्सिलीने खूण केली आणि नेमके त्याच क्षणी मालक आत आले. वीस हजार प्रती वाया जाण्यापासून वाचल्या म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. मी खरं सांगणारच होतो, पण तोवर ते निघून गेले.

परवा चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की जो शेवटच्या जागी बसतो त्यालाच वर बोलावलं जातं. मला ते एकदम पटलं. यापुढे अत्यंत नम्रतेने वागायचं ठरवलं आहे. निवड महिनाअखेर आहे, म्हणजे हातात चार आठवडे आहेत.

दाजींना सलाम. लोभ असावा, माझ्यात काही सुधारणा झाली तर जास्त असावा.

तुझा
धाकटा

९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तपासलेलं पत्र मिळालं. तुझ्या दाजींनी ते चष्मा लावून वाचलं. त्यांच्या मते नऊपैकी दोन चुका मुळात चुकाच नाहीत. आता तू आणि ते बघून घ्या, माझा गुडघा दुखतो आहे.

तुझ्या नम्रतेचं वाचून मला आमच्या वॉर्डातली एक नर्स आठवली. मोठ्या डॉक्टरांची फेरी यायच्या वेळेलाच बरोबर तिला फरशी पुसायची सुरसुरी यायची. एरवी कुणी तिला फडकं हातात धरलेलं पाहिलं नव्हतं. पस्तीस वर्षं रुग्णालयात काढून मी एवढं शिकले की चार आठवड्यांत पुरा होणारा तो औषधाचा कोर्स असतो, नम्रता नव्हे.

आणि त्या रविवारचं काय? मालक जिना चढून वर गेले असतील, परदेशी तर गेले नाहीत ना? तूही जिना चढ आणि तो रविवार बाईंनी पकडला एवढं सांगून ये. चार शब्दांचं काम आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहे म्हणूनच एवढं बोलते.

तुझी
ताई

१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
स. स. वि. वि.

तू मला ओळखलंच नाहीस. मी रोज सगळ्यांच्या कपबश्या विसळतो. तीन फुटल्या, पण त्यामागची भावना सगळ्यांच्या लक्षात आली. स्वतःची चांगली खुर्ची दुसऱ्याला देऊन मी दाराजवळच्या मोडक्या खुर्चीवर बसतो. सोमवारी मालक येताना पाहून मी आदराने जरा पुढे झुकलो, तेव्हा खुर्चीचा आणखी एक पाय गेला. मालकांनी मला उठवलं आणि कुठे लागलं का असं विचारलं. म्हणजे मी त्यांच्या नजरेत आहे.

आता शेवटचं पाऊल उचललं आहे. मी मालकांना अर्ज दिला की या पदास मी सर्वस्वी अपात्र आहे, तरी माझा विचार करू नये. त्याची एक प्रत फलकावरही लावली, इतरांना तेवढंच उदाहरण. आता मालक आग्रह करतील, मी नको म्हणेन, ते फारच आग्रह करतील, मग बघू. अर्ज मी स्वतः टाइप केला. आमच्याकडे स्वतःचं लिहिलेलं स्वतः तपासायचं नाही असा नियम आहे, कारण डोळ्याला हवं तेच दिसतं. पण बाईंना वाचायला कसा देणार? त्या माझी नम्रता स्वल्पविरामांसकट मोठ्याने वाचतील.

रविवारबद्दल सांगायची योग्य वेळ अजून आली नाही. आपल्या चुकीचा गाजावाजा करणं हाही एक प्रकारचा अहंकारच, नाही का?

लोभ असावा.

तुझा
धाकटा

२४ ऑक्टोबर

ती. ताईस,
स. स. वि. वि.

मी मुख्य झालो. एक तारखेपासून. पण कसा झालो ते ऐक.

मालकांनी बोलावून माझा हात हातात घेतला. म्हणाले की आजवर प्रत्येक जण या जागेसाठी आढेवेढे घेत आला, या पदास मी सर्वस्वी पात्र आहे असं छातीठोकपणे लिहून देणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. मला वाटलं ते थट्टा करताहेत. धावत फलकापाशी गेलो. ‘अ’ नव्हता. पुढे माझा विचार करू नये असं होतं, ते मालकांना विचार कसला करायचा, नेमून टाका अशा अर्थाचं वाटलं. पाच दिवस तो कागद तिथे होता. प्रूफखात्यातल्या माणसाची चूक, सगळ्यांनी वाचली असणार, आणि कुणी एक अक्षर बोललं नाही.

रात्रंदिवस विचार करतो आहे की तो ‘अ’ गेला कुठे. कदाचित प्रभूनेच काढला असेल. त्याची तशीच इच्छा असेल तर आपण कोण आड येणार?

लोभ असावा, घाईत आहे.

तुझा
धाकटा

२८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

प्रभू टाइप करत नाही.

तुझे दाजी इतके हसले की त्यांना दोनदा पाणी द्यावं लागलं. मीही हसले. तो ‘अ’ कुठे गेला ते तुला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. पण ‘अ’चं मनावर घेऊ नकोस, लोक महिनाभर हसतील आणि विसरतील.

रविवार मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. ती बाई रोज तुझ्यासमोर बसते, घसा कोरडा करून तुला वाचून दाखवते, आणि तिचं श्रेय खिशात घालून तू तिचा साहेब होणार. स्वतःला अपात्र म्हणणं सोपं असतं रे, त्यात आपल्याबद्दलच बोलायला मिळतं. तू तिच्याबद्दल बोल. मला रात्री झोप लागली नाही आणि याचं कारण गुडघा नव्हता. एक तारखेच्या आत जा.

लोभ आहे, पण सध्या तो फार रागावलेला आहे.

तुझी
ताई

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
स. स. वि. वि.

गेलो होतो. एकतीस तारखेला, दुपारी.

तीन परिच्छेदांचं भाषण पाठ केलं होतं. मालक बंद पडलेल्या यंत्राखाली आडवे झाले होते, नुसते पाय बाहेर दिसत होते. परत फिरलो असतो तर पुन्हा गेलो नसतो, म्हणून जे काय होतं ते पायांना सांगून टाकलं. रविवार बाईंनी पकडला. मी त्यांना पुढे वाचा म्हणालो होतो. अर्जात अपात्र लिहायचं होतं. मग आतून त्यांनी पाना मागितला. मी दिला आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की तो रविवार बाईंनी पकडला होता आणि मुख्यही त्याच होणार. आपल्याला हे कसं कळलं ते मात्र ते बोलले नाहीत. त्यामुळे माझी लबाडी उघडकीला आली असंच सगळे समजतात. यंत्रावरची माणसं मला सर्वस्वी पात्र अशी हाक मारतात. बाईंनाही तसंच वाटतं. त्या काही टोचून बोलल्या नाहीत, फक्त चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलताहेत. दोनदा सगळं सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि दोनदा चहा हवा का एवढंच विचारलं.

ताई, जागा गेली त्याचं दोन दिवस वाईट वाटलं. पण मी आपणहून गेलो होतो हे कुणालाच माहीत नाही, याचं अजून वाटतं आहे. तुला सांगितलं ते गाजावाजात धरत नाहीत ना?

लोभ असावा. या खेपेला खरंच हवा आहे.

तुझा
धाकटा

९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

नाही, मला सांगितलेलं धरत नाहीत. कारण ते माझ्यापाशीच राहणार आहे.

ह्यांना मी एवढंच सांगितलं की जागा बाईंना मिळाली. हे म्हणाले की तुझा भाऊ शेवटी पकडला गेला तर, आपण आधीच ओळखलं होतं. तुझं पत्र माझ्या पदराखाली होतं. सगळं जिभेवर आलं होतं, पण मी गप्प राहिले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, ह्यांचं चुकीचं बोलणं मी ऐकून घेतलं ही पहिलीच वेळ. हे इतके घाबरले की माझा ताप बघायला लागले.

तुझा मला फार अभिमान वाटतो, धाकट्या. आणि तो कुणापाशी बोलून दाखवता येत नाही, हे तुझ्याइतकंच मलाही जड जातं आहे.

लोभ आहे. तो आता दोघांनी गुपचूप वाढवायचा.

तुझी
ताई