गाडी फितूर आहे

४ ऑक्टोबर, रविवार

इंजिन बसलं. आता फक्त वायरिंग.

फिटर म्हणाला, इंजिन दुसऱ्या मॉडेलचं, त्याला कॉम्प्युटर आहे, तुमच्या जुन्या गाडीने कॉम्प्युटर कधी पाहिलेला नाही, दोघांची ओळख करून देणं माझं काम नाही. हात पुसले आणि गेला. फार घाईने गेला. घाईने जाणारा माणूस काहीतरी ठेवून जातो किंवा काहीतरी घेऊन जातो. विम्याचे दावे तपासण्यात पंचवीस वर्षं गेली माझी, मला कोणी शिकवू नये.

गाडी मूळ सासरेबुवांची. कागदावर आता बायकोच्या नावाने आहे, पण ती तांत्रिक बाब. १ नोव्हेंबरला त्यांच्या शाळेत कार्यक्रम आहे. जिथे हयातभर गणित शिकवलं तिथे जुन्या शिक्षकांना बोलावलंय. सासरे म्हणाले, जाईन तर माझ्या गाडीतून, नाहीतर घरी बसेन. गुडघे गेले, हट्ट शाबूत आहे. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मी नेतो. वायरिंग मी करणार, चालवणारही मीच.

ते नुसतं ‘बघू’ म्हणाले.

लग्नाला एकवीस वर्षं झाली. या माणसाने मला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. वर्गातसुद्धा म्हणे वर्षातून एखाद्यालाच म्हणायचे. मला ते एकदा ऐकायचंय. बाकी काही नको.

संकल्प: इलेक्ट्रिशियन बोलवायचा नाही. तो घरात शिरला की घराची सगळी माहिती बाहेर जाते.

७ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसातून लवकर आलो. डोकं दुखतंय असं सांगितलं. साहेब लगेच हो म्हणाले. का?

गाडीच्या सीटा बाहेर काढल्या. वायरींचा गुंता गॅरेजभर पसरलाय. आकृती इंटरनेटवरून घेतली. कुणा भल्या माणसाने फुकट टाकली आहे. फुकट कोण देतं? नक्की एखादी चूक मुद्दाम पेरलेली असणार. म्हणून दोन ठिकाणी आकृतीवर न जाता स्वतःच्या बुद्धीने जोडणी केली.

समोरच्या गॅलरीतले गृहस्थ दुपारपासून कुंड्यांना पाणी घालतायत. झाडं इतकं पाणी पितात?

१० ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस मोठा. चोरापासून बंदोबस्त केला.

एवढं नवं इंजिन घातल्यावर गाडीवर डोळा असणारच लोकांचा. म्हणून पेट्रोलच्या पंपाच्या वायरीत एक छुपा स्विच टाकला. फ्रिजच्या दारात असतो तसला. दार लागलं, बटण दाबलं गेलं, की दिवा विझतो. इथे बटण दाबलं गेलं की पेट्रोल बंद. गाडी ठेवताना बटणावर लाकडाची पाचर दाबून ठेवायची, निघताना काढायची. चोर चावी फिरवून फिरवून म्हातारा होईल.

नवा स्विच विकत आणला असता तर दुकानदाराला कळलं असतं. म्हणून घरातलाच वापरला.

जागा इथे लिहीत नाही. रोजनिशी कोणी वाचली तर? एवढंच लिहितो की सीटा काढलेल्या होत्या म्हणून हात पोचला. आता सीटा बसल्यावर कोणाच्या बापाला दिसणार नाही.

रात्रीच्या जेवणाला बायको म्हणाली, फ्रिजमध्ये दिवा लागत नाहीये. म्हटलं, बल्ब गेला असेल.

११ ऑक्टोबर, रविवार

सीटा बसवल्या. दोन वायरी उरल्या. कंपन्या जास्तीच्या देत असाव्यात.

पहिली चाचणी. बसलो, सीट माझ्या मापाने पूर्ण मागे घेतली (माझे पाय लांब आहेत, बायको पोट म्हणते), पाचर खिशात आहे याची खात्री केली (गाडी नीट सुरू होईपर्यंत ती खिशातच) आणि चावी फिरवली. स्टार्टर छान फिरला. इंजिनाने घेतलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा नाही. ब्रेक दाबला तर हॉर्न वाजला. ही किरकोळ गोष्ट आहे.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. झाली का, एवढंच विचारलं. म्हटलं, झाल्यासारखीच आहे. ते म्हणाले, गणितात झाल्यासारखं असं काही नसतं. यांना कोणीतरी आतून बातम्या पुरवतंय.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

बायकोने मला न विचारता इलेक्ट्रिशियन बोलावला. म्हणाली, बाबांचा कार्यक्रम आहे, तुझा प्रयोग नाही.

माणूस किडकिडीत. काम करताना सतत शिट्टी वाजवतो. त्याला शिट्टीच म्हणतात. आधी एक सूर, मग थांबतो, मग दुसरा. थांबतो कशाला? उत्तर येण्याची वाट बघतो का?

मी जिथे बुद्धी वापरली होती ती दोन्ही ठिकाणं त्याने पुन्हा आकृतीप्रमाणे केली. उरलेल्या दोन वायरी पण कुठेतरी खुपसल्या. ब्रेकचा हॉर्न त्यालाही सुटेना; एकदा वायपर पण सुरू करून दाखवले. मग म्हणाला, हे नंतर बघू.

जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारलं, साहेब, मध्ये तुम्ही वेगळं काही बसवलंय का, स्विच वगैरे?

मी त्याच्या डोळ्यांत बघून नाही म्हणालो. पाण्यात काठी घालून खोली बघत होता! इथे कच्चा गडी नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार

आज गाडी सुरू झाली.

आनंद मात्र नाही. सुरू झाली ती शिट्टीच्या हाताने. तो बसला, सीट पुढे ओढली, चावी फिरवली, इंजिन लागलं. बायकोने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, उतर, आता मी. बसलो, सीट मागे घेतली, आणि इंजिन दोन आचके देऊन मेलं. नंतर माझ्याकडून काही केल्या लागेना. तो बसला, पुढे सरकला, लागलं! मी बसलो, बंद. असं दोनदा झालं. समोरचे गृहस्थ पाणी घालायचं सोडून बघत उभे राहिले.

मला कळून चुकलं. याच्या खिशात रिमोट आहे. मी बसलो की दाबतो, म्हणजे मी त्यालाच पुन्हा पुन्हा बोलवत राहीन. मी खिसे रिकामे करायला सांगितले. कंगवा, टेस्टर, खोकल्याच्या गोळ्या, एका बाळाचा फोटो. त्याने एकेक वस्तू बॉनेटवर मांडली, परत खिशात घातली आणि म्हणाला, बाईंसाठी आलो होतो, आता येणार नाही. शिट्टी न वाजवता गेला.

बायकोने माझं ताट झाकून ठेवलं आणि एकटी जेवली. फोटो बाळाचा होता हे मलाही लागलं. पण रिमोट चपलेतही असू शकतो.

२१ ऑक्टोबर, बुधवार

पुरावा मिळाला. सीट पुढे सरकवलेली होती.

काल मी मागे ठेवून आलो होतो. आज कोणीतरी बसून, पुढे ओढून, काहीतरी करून गेलंय. पेट्रोलचा काटाही खाली आहे. मी सीट जागेवर मागे घेतली आणि चावी फिरवली. अर्थात बंद! बिघाड करून जातात, एवढं स्वच्छ आहे.

गॅरेजच्या दाराला काळा दोरा बांधला. शनिवारी अर्धी रजा टाकून सापळा लावणार.

बायकोच्या ओढणीला पेट्रोलचा वास आला. मी काही बोललो नाही. आपण तोंड उघडलं की समोरचा सावध होतो.

२४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी गॅरेजमधल्या जुन्या कपाटामागे स्टूल टाकून बसलो. हातात पाना. कपाटामागे उकडत होतं. डोळे जरा मिटले, विचार करण्यासाठी.

उघडले तेव्हा गाडी नव्हती.

दोरा तुटून पडला होता. जमिनीवर तेलाचा डाग आणि रिकामी जागा. पोलिसांना फोन करायचं सुचलं नाही. एकच दिसत होतं, सासरे नवा शर्ट घालून दारात बसलेत आणि मी त्यांना सांगतोय की गाडी गेली. मी तिथेच खाली बसलो. रडलो नाही. डोळ्यांत धूळ गेली होती.

थोड्या वेळाने हॉर्न वाजला, म्हणजे कोणीतरी ब्रेक लावला. बायको गाडी घेऊन आत आली. एका दमात, सरळ रेषेत, भिंतीपासून वीतभर.

म्हणाली, कॉलेजात असताना बाबांनी मला याच गाडीवर शिकवलंय, इतक्या वर्षांत सवय मोडली होती म्हणून आठवडाभर फिरवून आणतेय. तुला संशय येईल म्हणून सांगितलं नाही. याहून संशयास्पद वाक्य मी नोकरीत ऐकलेलं नाही. वर म्हणाली, तू कपाटामागे घोरत होतास, झोपमोड नको म्हणून ब्रेकला पाय न लावता हळूच काढली.

तिच्याने दर वेळी सुरू होते म्हणे. एका चावीत. मी तिथल्या तिथे बसलो, सीट मागे घेतली. बंद.

आता खात्री पटली. शिट्टी निर्दोष असेलही. खुद्द गाडीच फितूर आहे.

३१ ऑक्टोबर, शनिवार

सासरे आज मुक्कामाला आले. गॅरेजमध्ये जाऊन गाडीच्या टपावरून हात फिरवला. माझ्याकडे बघून म्हणाले, उद्या तू चालवणार ना. म्हटलं, मीच.

बायकोने विचारलं, बाबांसाठी तरी मी चालवू का? नाही म्हणालो. दिलेला शब्द आहे.

संकल्प: उद्या गाडीशी गोडीने बोलायचं.

१ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी सासरे पुढे माझ्या शेजारी बसले, बायको मागे. मी गाडीशी गोडीने बोललो, मनातल्या मनात. सीट मागे. चावी. नाही. परत. नाही. बॅटरी दमायला लागली. सासरे समोर बघत होते. त्यापेक्षा त्यांनी कान उपटले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांची काठी निसटून मागे पडली. ती उचलायला बायको माझ्या सीटखाली वाकली आणि तशीच थांबली. मग तिने विचारलं, आपल्या फ्रिजचं बटण इथे काय करतंय?

माझी सीट त्याच्यावर टेकली होती. पूर्ण मागे घेतली की नेमकी टेकत होती. मी स्वतः दर वेळी बसून पेट्रोल बंद करत होतो.

सांगावं लागलं. सगळं. सासऱ्यांनी मान वळवून नीट विचारलं, म्हणजे हे चोरासाठी होतं? हो म्हटलं. चोर बारीक असता तर? मी आरसा नीट केला. बायको इतकी हसली की तिला खाली उतरावं लागलं.

बटण काढायला वेळ नव्हता. सीट पुढे घेऊन बसून पाहिलं. स्टिअरिंग जरा पोटाला लागलं आणि हॉर्न थांबेना. पोटाला असं लिहिलंय. असो.

तिने चालवलं. मी मागच्या सीटवर, काठी सांभाळत. वाटेत ती मला म्हणाली, शिट्टीची माफी मागायची आहे. म्हटलं, उद्याच. तो हॉर्नही बघेल.

शाळेच्या फाटकातून तिने गाडी एका वळणात आत घेतली आणि पायरीशी ब्रेक लावला. माझ्या वायरिंगने आपलं काम चोख केलं. हॉर्न असा वाजला की सगळं पटांगण वळून बघायला लागलं. केस पिकलेले विद्यार्थी धावत आले, दार उघडायला त्यांच्यात चढाओढ लागली. सासऱ्यांचे डोळे भरून आले होते. उतरण्याआधी ते पुढे बघतच म्हणाले, शाबास.

वळण तिचं होतं. हॉर्न माझा होता. नक्की कोणाला म्हणाले ते मी विचारलं नाही. या प्रकरणात पुढे तपास करायचा नाही असं ठरवलंय.