आर्टवाल्याचा बोर्ड

१८ जून १९८८, धुळे

पास! एफ. वाय. बी. ए., एकावन्न टक्के. पेढे मीच आणले, मीच जास्त खाल्ले.

आबा डेपोतून आले. ऑइलचे हात पुसत म्हणाले, "बी. ए. करीसन काय व्हई रे?" एसटीच्या मेकॅनिकला कसं सांगणार? ऐटीत म्हणालो, "इतिहासाने दृष्टी येते, आबा."

"चष्मा ली दिसू." घेऊन देतो म्हणे!

आई पदरात हसली. शेवटी फैसला झाला – तीस तारखेपर्यंत बी. ए.चा एक तरी उपयोग दाखवायचा, नाहीतर आय. टी. आय.चा फॉर्म. फिटर! मी! सायकलची चेन चढवताना बोट अडकवून घेणारा!

२० जून

उपयोग सापडला नाही.

२२ जून

उपयोग स्वतः एसटीने आला! झुलाल नाना, आबांचे थोरले भाऊ, पिंपळनेरहून. त्यांची पिठाची गिरणी आहे. "कौतिक, तू आर्टमा शे ना? मंग गिरणीना बोर्ड लिखी दे."

आर्ट्स म्हणजे चित्रकला नव्हे, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण आबा माझ्याकडे बघत होते, बऱ्याच दिवसांनी बरं बघत होते. म्हणालो, "देतो की!" झाकली मूठ सव्वा लाखाची.

२५ जून, पिंपळनेर

नानांना विचारलं, बोर्डावर नाव कुणाचं? म्हणाले, "जो गिरणी चालाडस तेन्हं टाक." आणि चहाला निघून गेले.

दिवसभर बघत बसलो. पट्टा चढवते मोठी आई, म्हणजे नानांची बायको, रुक्माबाई. दगडाला टाकी लावते तीच. बाजरीवर गहू पडू न देणारीही तीच. नाना फक्त कुलूप लावतात.

आमचे सर सांगतात, दगडावर राजाचं नाव असतं. दगड घडवला कुणी, ते आपण विचारायचं. झालं! अंगात इतिहास संचारला. निळ्या रंगात लिहिलं – 'रुक्माबाई पिठाची गिरणी'. 'णी'ला जागा उरली नाही, तो खालच्या ओळीत एकटा बसलाय.

२६ जून

नानांनी बोर्ड वाचला. "गिरणी मन्ही शे, नाव तिन्हं कसं?"

"तुम्हीच म्हणालात, जो चालवतो–"

"शिकीसन येडा व्हयना!" बोर्ड पोत्यांमागे, तोंड भिंतीकडे.

मोठ्या आईने विचारलं, "काय लिखं भाऊ?" मी वाचून दाखवलं. ती बोर्डाकडे बघत राहिली, मग पट्टा चढवायला गेली. आनंदाने शब्द फुटत नसतील, असं मला वाटलं. फारच वाटलं!

२८ जून, धुळे

बातमी माझ्या आधी पोहोचली. आबांनी फॉर्म पुढे सरकवला. भरला. ट्रेड : फिटर. मग मोरीत जाऊन रडलो. खरंच रडलो. मला सरांच्या इतिहासाच्या वर्गात बसायचंय, बाकी काही नाही.

२९ जून

मोठी आई आली! एकटी. बोर्ड पोत्यात गुंडाळून. म्हणे, "मी दोन दिन गिरणी बंद ठेवी. मंग तुन्हा नाना कबूल व्हयना. लागी बोर्ड."

मी आबांकडे असं पाहिलं, जणू गड जिंकून आलो. "बघा, उपयोग!"

ती बोर्ड उलगडत म्हणाली, "पन भाऊ, हाई नाव पुसी टाक. हाई मन्हं नही शे."

"म्हणजे?"

"सासरनी ठेवेल शे. लगीनमा. मायबापनी ठेवेल नाव द्रौपदा." मग हसली. "तीस वरीसमा कोनीच इचारं नही. तू बी नही."

गड गेला. दिवसभर निळ्या रंगावर रॉकेल घासत होतो.

३० जून

आबांनी फॉर्म फाडला. "इतलं शिकीसन तुले धड इचारता येत नही. जाय कॉलेजले."

मग चप्पल न काढताच स्वयंपाकघरात गेले. आईला विचारताना ऐकू आलं – "तुन्हं माहेरनं नाव काय व्हतं वं?"