कादंबऱ्या बंदरात, वर्तमानपत्रे गावात

तीर्थस्वरूप मामा,

भाचीचा वाकून नमस्कार. (आई म्हणते, पत्रात वाकायला कंबर दुखत नाही, तेव्हा दोनदा वाक, म्हणून पुन्हा एकदा.) तुमचे गुडघे, मामींचा रक्तदाब आणि तुम्हा दोघांमधील बोलणे ही तिन्ही सुरळीत असतील अशी आशा आहे. मामींच्या पत्रावरून कळले की निवृत्तीनंतरही तुम्ही बंदराच्या पायलटचा परवाना दरवर्षी नवा करून भिंतीवर टांगता. परक्या जहाजांना धक्क्यापर्यंत वाट दाखवण्यात तुमचा जन्म गेला. आता जहाजे नाहीत, म्हणून पाहुण्यांना ‘थोडे डावीकडे, आता सावकाश, बस्स’ असे म्हणत दारापासून खुर्चीला आणून लावता. मामी याला खूळ म्हणतात. माझे मत तसे नाही, एवढेच नम्रपणे नोंदवते.

इकडील क्षेम विचाराल, तर क्षेम नाही. माझे वाचनालय तुम्हाला ठाऊकच आहे: धक्क्याच्या मागच्या गल्लीतील जुनी वखार, दाराशी वर्तमानपत्रांचे लांब टेबल, आत पुस्तकांची कपाटे आणि दोहोंच्या मधोमध मी. (तुम्ही ते पाहिलेले नाही, हे आत्ता आठवले. पाहायला निघाला होतात, पण जमिनीवर तुमची दिशा जरा वेगळी पडते. माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभालाही तुम्ही शेजारच्या शाळेत बसून शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या.) तर गेल्या महिन्यात बंदराच्या हद्दीचा नवा आदेश निघाला. मला आजवर वाटे, बंदर म्हणजे पाणी, धक्का आणि जहाजे. कायद्याचे तसे नाही. भरतीचे पाणी जास्तीत जास्त जिथवर चढते, त्याच्याही पुढे काही अंतरापर्यंतची जमीन आणि तिच्यावर जे जे उभे असेल ते सर्व बंदर. व्याख्येबद्दल माझी तक्रार नाही. व्याख्या मला आवडतात. परंतु नकाशा भराव घालण्यापूर्वीचा! समुद्राने आमची गल्ली केव्हाच सोडली. हे मी हद्द अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणताच ते म्हणाले, “बाई, समुद्र मागे गेला, आदेश नाही गेला.” आणि त्यांच्या माणसाने माझ्या देखत फरशीवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. ती एका बाजूच्या भिंतीपासून निघते, माझ्या टेबलाखालून जाते आणि कपाटांना बंदरात घेऊन वर्तमानपत्रांना गावात सोडते. माझा शिक्का बंदरात, शाईची गादी गावात. एक पुस्तक द्यायचे तर माझा उजवा हात दोनदा सरहद्द ओलांडतो.

रेघेवर त्यांनी एक पहारेकरी बसवला आहे. खाडीत वाट दाखवायला नांगरून ठेवलेल्या पिंपासारखा तो खुर्चीत दिवसभर जागच्या जागी डुलतो, म्हणून वाचक त्याला ‘बोया’ म्हणतात. माणूस वाईट नाही. परंतु कोणी कपाटाकडे पाऊल टाकले की त्या झोपेतूनही त्याचा हात आडवा येतो. कपाटापाशी जायला पास हवा. पास मिळतो बंदराच्या कार्यालयात. कार्यालय बंदराच्या फाटकाच्या आत, आणि फाटकातून आत जायला पास हवा! आमचे नित्याचे वाचक, निवृत्त पोस्टमास्तर, एका प्रवासवर्णनाचा पहिला भाग घरी नेऊन बसले आहेत आणि दुसरा पलीकडे अडकला आहे. ते हट्टाने फाटकावर उभे राहिले. अर्ज तेवढा हाती आला. त्यात ‘जहाजाचे नाव’ असा रकाना होता. त्यांनी ‘संसार’ असे लिहिले. अर्ज परत आला: या नावाचे जहाज नोंदलेले नाही. “चाळीस वर्षं हाकतोय की हो!” असे ते माझ्यावर ओरडले. (माझ्यावरच का? तर मी उलट बोलत नाही म्हणून.) मीच पुस्तक उचलून अलीकडे आणून द्यावे, तर ती मालाची उतराई ठरते आणि तिला कस्टमची चिठ्ठी लागते.

इथपर्यंत मी सोसले. परंतु परवा नोटीस आली, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंदरात पडून राहिलेल्या मालाकडे महिनाभर कोणी फिरकले नाही, तर तो बेवारस समजून गोदामात हलवतात. माझी पुस्तके बेवारस! आधी वाचकांना अडवायचे आणि मग वाचक येत नाहीत म्हणून पुस्तके उचलायची. कुंपणाने शेत खाल्लेले ऐकले होते, इथे वर शेतालाच नोटीस. माझे स्वतःचे जाणे-येणे ते ‘वापर’ धरत नाहीत, कारण मी कर्मचारी. ते गोदाम मी पाहिले आहे. तिथे पोत्यांना बुरशी येते. कागदाचे काय होईल, ते तुम्हीच ताडा. येत्या सोमवारी महिना संपतो.

मग मात्र मी (कर्मचारी म्हणून मला फाटकावर अडवत नाहीत) अधिकाऱ्यांना त्यांच्याच कार्यालयात खडसावले. म्हटले, हद्द हवी तर कर्तव्येही घ्या. बंदर म्हणून मिरवायचे आणि दिवा, वाट, सुरक्षा यांपैकी काहीच द्यायचे नाही, हा कुठला कारभार? त्यावर काय व्हावे? दुसऱ्या दिवशी माणूस आला आणि कवितांच्या कपाटावर बुडत्याला फेकायचे लाल-पांढरे कडे टांगून गेला. आई म्हणाली, “बघ, काहीतरी दिलं की नाही? तू उगाच त्रागा करतेस.”

असो. तुम्ही काळजी करू नये. लढायला मी समर्थ आहे.

तुमची आज्ञाधारक भाची

ता. क. : वर ‘खडसावले’ असे लिहिले आहे. ते सर्व मी कागदावर लिहून पुढे सरकवले होते. तोंडाने मी फक्त ‘नमस्कार’ आणि ‘बरं’ एवढेच म्हणाले.

ता. क. २ : त्या कागदाच्या शेवटी मी विचारले होते की, परवानाधारक पायलटच्या देखरेखीखाली आत येणाऱ्याला वेगळा पास का लागावा? जहाजांवरील पाहुण्यांना तर लागत नाही. अधिकाऱ्यांनी हसत हसत ‘पायलट आणल्यास हरकत नाही’ असा शेरा मारून सही केली. कामावरचा कोणताही पायलट माझ्या गल्लीत येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. तुम्ही त्यांना ठाऊक नव्हता. सोमवारी सकाळी परवाना भिंतीवरून काढून, टोपी घालून यावे.

ता. क. ३ : पहिले गलबत पोस्टमास्तर. ऐकू कमी येते आणि वळायला जागा फार लागते. बोयाला धक्का लागू देऊ नये.

ता. क. ४ : मामींना बरोबर आणाच. रेघेपासून कपाटापर्यंत तुम्ही आणाल याची मला खात्री आहे. पण स्टेशनापासून रेघेपर्यंत तुम्हाला कोण आणणार?