छताजवळच्या दोन जागा

३ मार्च, मंगळवार

झाकणाला जायचंय म्हणे! सकाळी चहा पिता पिता ह्यांनी जाहीर केलं. झाकण म्हणजे शहरातलं ते अवाढव्य स्टेडियम — कधी सामने, कधी गाण्यांचे कार्यक्रम. वर भांड्यावर ठेवल्यासारखं छत आहे, म्हणून सगळे झाकणच म्हणतात. आयुष्यात हे पाच मिनिटं गाणं ऐकायला बसले नाहीत. बाहत्तर वय, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. "एकवीस तारखेला दुपारचा कार्यक्रम आहे." कुणाचा? "कुणाचा का असेना!"

मी पुढे विचारलं नाही. का जायचंय ते मला ठाऊक आहे. आमची धाकटी तिथे छतावर काम करते — दिवे, स्पीकर साखळ्यांनी वर टांगायचे. ह्यांचा कामावरचा जुना सोबती परवा भेटला होता, त्यानेच सांगितलं असणार. मी तर नाही सांगितलं.

आज लाँड्रीत चादरींचा डोंगर. हॉस्पिटलात माणसं कमी नि चादरी जास्त झाल्यात की काय! पाठीचे तुकडे पडलेत.

४ मार्च, बुधवार

दर बुधवारी डब्याच्या सुट्टीत धाकटीचा फोन येतो. सात वर्षं येतोय. ह्यांना पत्ता नाही. ती घरी येत नाही, ह्यांचा फोन उचलत नाही, आणि 'बाबा' हा शब्द सात वर्षांत तिच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

आज मी बोलून बसले की एकवीसला आम्ही येतोय. ती म्हणाली — "त्या दिवशी मी सुट्टी घेते." आणि नेहमीचं, "तू जेवलीस का?"

कशाला सांगितलं मी! एक गोष्ट सात वर्षं लपवली आणि दुसरी एक दिवस पोटात राहिली नाही. आता ह्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

७ मार्च, शनिवार

तिकिटं फोनवर मिळतात. पण नाही — ह्यांना माणसाच्या हातून लागतात! दोन बस बदलून गेलो. खिडकीतली मुलगी गोड होती. म्हणाली, "आजोबा, गुडघ्यांचा त्रास असेल तर खाली व्हीलचेअरची रांग आहे. एक पायरी चढायला नको."

"सगळ्यात वरची रांग द्या."

"अहो, तिथून स्टेज मुंगीएवढं दिसतं."

"मला छत बघायचंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ! लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते, पुढे ब्याण्णव पायऱ्या. चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसानं ब्याण्णव पायऱ्या मागून घेतल्या. येताना बसमध्ये तिकिटं छातीशी धरून झोपले होते.

८ मार्च, रविवार

सराव सुरू! आमच्याच जिन्यात. मजल्याला सोळा पायऱ्या, कठडा धरून, मोठ्यानं मोजत. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी दार उघडलं — "काका, लिफ्ट बंद आहे का?"

"लिफ्ट चालू आहे. मी बंद पडलोय."

बाई हसून हसून बेजार. रात्री गुडघे मात्र मलाच चोळायचे होते.

११ मार्च, बुधवार

फोन आला. एकवीस तारखेचं ती बोलली नाही, मीही नाही.

१५ मार्च, रविवार

आजचं लिहायलाच हवं.

लिफ्टच्या कामात एक नियम असतो, लग्न झाल्यापासून ऐकत आलेय — जो लिफ्टच्या वर चढून काम करतो, ती चालू करायची किल्ली त्याच्याच खिशात. खाली उभा असलेला कितीही मोठा असो. ह्यांनी धाकटीला काम शिकवलं तेव्हा पहिला धडा हाच. आणि सात वर्षांपूर्वी ती वर असताना लिफ्ट हलली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. हॉस्पिटलात, साहेबांसमोर, सगळ्यांसमोर हे म्हणाले, "किल्ली न घेताच वर चढली, बेफिकीर कार्टी!" तिनं तोंडातून शब्द काढला नाही. पट्टी सुटली त्या आठवड्यात घर सोडून गेली.

आज दुसऱ्या मजल्यावर हे मध्येच पायरीवर बसले. मला वाटलं, दम लागला. पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाले, "तिनं मागितली होती किल्ली."

मी म्हटलं, काय?

"मागितली होती. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, मी आहे ना खाली. साहेब घाई करत होते. मीच फिरवली ती."

सात वर्षं! सात वर्षं दर बुधवारी मी त्या पोरीला समजावतेय — चुकलीस ना, मग कबूल कर, लहान आहेस, माफी माग. आणि ती ऐकून घेत होती! एकदाही म्हणाली नाही की आई, तुझा नवरा खोटं बोलतोय. वर मलाच विचारायची, जेवलीस का.

ह्यांना तिथेच जिन्यात सोडून मी वर आले. स्वयंपाक केला, वाढला नाही. हातानं घ्या म्हटलं. घेतला नाही त्यांनी.

१६ मार्च, सोमवार

बोलत नाहीये मी. जिन्यात एकटेच मोजतायत, इथवर ऐकू येतंय.

१८ मार्च, बुधवार

फोन उचलला आणि एका दमात सांगून टाकलं — मला किल्लीचं कळलं. "कुणी सांगितलं?" म्हटलं, त्यांनीच. नंतर पलीकडे नुसता यंत्रांचा आवाज. मी म्हटलं, मला माफ कर गं बाई. "आई, मला वर जायचंय. ठेवते."

जेवलीस का विचारलं नाही. सुट्टी रद्द कर म्हणायचं होतं, तेही राहून गेलं.

२० मार्च, शुक्रवार

बोलणं सुरू केलं. रागवायलाही ताकद लागते, ती चादरींतच संपते.

उद्याची तयारी. झाकणात आरपार दिसणारी पिशवीच न्यायची, तीही वीतभर. औषधं नेता येतात, पण डॉक्टरांची चिठ्ठी हवी. गुडघ्यांचे पट्टे. चष्मा. सगळं भरलं, तर ह्यांनी कपाटातून ती किल्ली काढली — तीच! लांब, लोखंडी, टोकाला लाल दोरा. ती लिफ्ट मोडीत गेली तेव्हा मागून आणली होती म्हणाले. "बाकी काही राहिलं तरी चालेल, ही राहता कामा नये."

"आणि देणार कशी? छताकडे बघून हाका मारणार?"

"बघू."

आत्ता सांगायला हवं होतं की ती उद्या सुट्टीवर आहे. जीभच रेटली नाही.

२१ मार्च, शनिवार

जाऊन आलो.

दारातच अडलं. पहारेकऱ्यानं किल्ली उचलून पाहिली — "काका, हे हत्यार आहे. आत नाही जाणार. त्या काउंटरवर ठेवा, चिठ्ठी भरून." चिठ्ठी ह्यांनी स्वतःच भरली, मला बाजूला उभं केलं. एवढीशी चिठ्ठी, पण किती वेळ! मागचे लोक कुरकुरायला लागले. लिफ्टमध्ये शिरण्याआधी तपासणीचं कार्ड वाचलं, तारीख बघितली, मग आत पाय टाकला. लोक ताटकळले. मी भिंतीकडे बघत उभी.

ब्याण्णव पायऱ्या. चार वेळा बसले. सत्तराव्या पायरीला चेहरा पांढरा पडला, मी म्हटलं परत जाऊ. "तू जा." मग मीही चढले.

स्टेज खरंच मुंगीएवढं. कानठळ्या बसवणारा आवाज. सगळे खाली बघतायत आणि हे एकटे मान वर करून! छतात अरुंद पूल आहेत, त्यावरून हेल्मेटवाली माणसं ये-जा करत होती. ह्यांनी माझं मनगट धरलं. "ती बघ. तीच."

"कशावरून?"

"साखळी उजव्या हातानं ओढते. डावा नुसता टेकवते."

मला फक्त हेल्मेट दिसलं. ती घरी बसली असेल, हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, हो हो, तीच. डोळ्यांना पदर लावला, त्यांना वाटलं आनंदानं.

बाहेर पडताना काउंटरवरून सरळ पुढे निघाले. "अहो, किल्ली!" म्हणाले, "राहू दे." अरे, इतकी वर्षं कपाटात जपली, इथवर घेऊन आलात आणि आता राहू दे? पण वाद घालायचं त्राण नव्हतं. बसमध्ये दोघंही झोपलो, एक थांबा पुढे गेलो.

२२ मार्च, रविवार

गुडघे भोपळ्याएवढे सुजलेत. दिवसभर शेक. एका शब्दाची तक्रार नाही. मलाच बोचतंय. उगाच कुणाला तरी बघून समाधान मानलं बिचाऱ्यांनी.

२५ मार्च, बुधवार

फोन वाजला. "आई, मी सुट्टी घेतलीच नव्हती."

मी इस्त्री बाजूला ठेवली. म्हणाली, काउंटरवरचा माणूस तिला शोधत छताच्या शिडीपर्यंत आला. चिठ्ठीवर 'नेणाऱ्याचं नाव' लिहायच्या जागी तिचं नाव होतं. खाली एक ओळ — मागितलीस तेव्हाच द्यायला हवी होती.

मग? मी विचारलं. मग काय?

"मग काही नाही. आत्ता वर आहे मी. किल्ली माझ्या खिशात आहे. सांग बाबांना."