बाळाच्या छातीतलं दूध

२ डिसेंबर
आज दवाखान्यातून बाळाला घेऊन बोरगाव मेघेला आलो. सासरी राहायची माझी ही पहिलीच वेळ. लग्नानंतर मी आणि धनंजय थेट पुण्याला गेलो होतो. मला आई नाही, म्हणून बाळंतपण इकडेच ठरलं. सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, खोली लख्ख पुसून ठेवलीय. खिडकीतून दुपारपर्यंत ऊन येतं. शेगडी, ओवा, डब्यात डिंकाचे लाडू, सगळं आधीच तयार. धनंजय मुलीला उचलायला घाबरतो, मग सासूबाई हसतात. इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

५ डिसेंबर
धनंजय पुण्याला परत गेला. आज उजेडात बाळाला नीट पाहिलं. खांद्यांवर आणि पाठीवर काळी लव आहे. पायाची कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटते. डोळे मध्येच तिरळे होतात. नाळेला वास येतो. आणि दोन्ही छात्या सुजून त्यांतून दुधाचा थेंब आला. आपल्याच लेकराची किळस येते याचं रडू आलं.

गावातल्या आशा कार्यकर्त्या समीक्षाताई येऊन गेल्या. हे सगळं नवीन बाळांना होतंच, आपोआप जातं, म्हणाल्या. फक्त छाती पिळायची नाही, पिकते.

८ डिसेंबर
मालिश झाल्यावर टॉवेल घेऊन गेले. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दोन बोटांनी तिची छाती दाबत होत्या, मग बोटं चाटत होत्या. मी समीक्षाताईंचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"वाया काऊन घालवाचं? मले सोसते," एवढंच म्हणाल्या.

मग बाळाच्या टाचेचा पापुद्रा सोलून तोंडात टाकला आणि सुपारीसारखा चघळत राहिल्या. मी मोरीत जाऊन ओकले. धनंजयला फोन केला. आई जुन्या वळणाची आहे, मनावर घेऊ नको, म्हणाला. उद्यापासून मालिश मीच करणार.

११ डिसेंबर
माझा डोळा लागला की त्या बाळाला उचलतात. बाळाची पाठ आता गुळगुळीत आहे. डोळे सरळ झाले, छाती बसली, नाळ पडली. समीक्षाताई खूश. पण बाळ रडतच नाही, अंगावरही जेमतेम पितं.

सासूबाईंना सारखी उचकी. चहाचा कप देताना त्यांचा दंड दिसला. त्यावर लव होती, दाट, दमट. या वयात?

१४ डिसेंबर
त्यांच्या अंथरुणात पापुद्रे सापडले. झाडून काढले तर हाताला चिकटले – साबणानं धुतले, तरी चिकट. जेवताना त्यांनी एक दाढ ताटात काढून ठेवली. रक्त नाही. माझ्याकडे बघून हसल्या, तेव्हा दोन्ही बुबुळं नाकाकडे गेली. त्यांच्या खोलीत नाळेचा वास.

व्हिडिओ कॉलवर धनंजय म्हणाला, आई किती तजेलदार दिसते.

१६ डिसेंबर
बाळ पीत नाही. तोंड मिटून माझ्याकडे टक लावून बघतं, थकल्या माणसासारखं. माझी छाती दगड झालीय.

सासूबाईंनी वाटीत तेल आणलं, माझ्यासमोर डोकं वाकवलं.

"माही टाळू भरून दे."

भांगात बोट ठेवलं – आत गेलं. मऊ. खाली धपधप उडत होतं. मी हात काढला. अजून ते बोटाला जाणवतंय –

१७ डिसेंबर, सकाळ
भावाला फोन केला. धीरज नाशिकहून निघालाय. बाळाला घेऊन आतून कडी लावलीय. तो येईपर्यंत उघडायची नाही.

दुपार
रडणं. बाळ माझ्या मांडीवर गप्प आहे. रडणं दाराच्या खालून येतंय – कोवळं, चिरकं, श्वास अडकत – सासूबाई – ती आहे ती. सरपटत आलीय. फटीतून बोटं –

कानात कापसाचे बोळे घातले. तरी ऐकू येतं.

ब्लाउज भिजला. दोन्हीकडून. बाळासाठी नाही, ते तर – तिच्या रडण्यानं पान्हा फुटला. शी. पुसते, परत येतो. थांबत नाही –

धीरजचा फोन लागत नाही. छाती फुटेल इतकी ठणकतेय. कडी काढणार नाही. नाही काढणार. पण भूक लागलीय ना तिला, किती वेळ रडेल, घसा सुकला असेल, आणि मी फक्त थोडंसं