रस्त्याकडची पट्टी

नारपोली,
१२ ऑगस्ट २०२५

चि. हरेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून लिहिते. रविवारी मी दापोड्याला आले ती हक्कसोडपत्रावर सही करायला, आणि सही न करताच परतले. त्याचे कारण ऐक. शेजारच्या चंद्राची रीमा गोदामातल्या पॅकिंगच्या ड्युटीवरून आपल्या शेतालगतच्या रस्त्याने सायकलवर येत होती. रिव्हर्स घेणाऱ्या कंटेनरने तिला गटारात ढकलले, माझ्यादेखत. पोर वाचली, सायकलचा चुरा झाला.

बाबांच्या शेतावर तू गोदाम बांधणार, त्याचा दरवाजाही त्याच रस्त्यावर काढला आहेस. नकाशात दरवाजापुढे कंटेनरला वळायला जागा आहे, ड्रायव्हरला झोपायला खोली आहे. कामाला येणारी माणसे कुठून चालणार, ते कुठेच नाही. दरवाजा मागे, हायवेच्या बाजूला ने. मग सही करते.

निशाला व मुलांना आशीर्वाद. गुडघा बरा आहे, विचारू नकोस.

तुझी,
सुकन्याताई


दापोडे,
२० ऑगस्ट २०२५

ति. ताईस हरेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताना वर्गात उभे राहून ओरडा खाल्ल्यासारखे वाटले. रीमा बरी आहे. तिला नवी सायकल मी घेऊन देतो. पण ताई, दरवाजा मागे नेला तर गाड्या आवारातच वळवाव्या लागतात आणि दोन गाळे जातात. भागीदार म्हणतो, मग दुसरी जमीन बघू. गोदाम झाले तर गावातल्या पोरांना काम मिळेल, आपल्या थोरल्या कुणालला घर सोडून जावे लागणार नाही. रस्ता अरुंद आहे तर सरकारने रुंद करावा, आपण का?

आपल्या घरात आजवर एकाही बहिणीने सही अडवली नाही. लडकूकाका चारचौघांत म्हणाले, की सुकन्येला कॉलेजात धाडली तेव्हाच जमीन गेली. मी हसलो. घरात दुसरे कोणी हसले नाही.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
हरेश


नारपोली,
३ सप्टेंबर २०२५

चि. हरेश यास अनेक आशीर्वाद.

काकांना माझा नमस्कार सांग आणि सांग, की जमीन गेलेली नाही, अजून माझीही आहे. रीमाला सायकल देशील, ती चालवायला जागा कोण देणार? सरकार रस्ता रुंद करील तेव्हा करील, तुझी पहिली शिफ्ट त्याआधी लागेल. गावाला काम हवे हे मलाही पटते. गोदाम नको असे मी म्हटलेले नाही.

पुष्कळ विचार करून लिहिते. रस्त्यालगतची पट्टी माझ्या वाट्याला दे. बाकीचे शेत तुझे, त्यावर लगेच सही करते. पट्टीवर मी काही बांधणार नाही. मुरूम टाकून चालायची वाट करीन, एका टोकाला शेअर रिक्षा थांबतील. कंटेनर तेवढा तिच्यावरून जाणार नाही.

हिस्सा मागणाऱ्या बहिणीला माहेर परके होते, हे लहानपणापासून ऐकते आहे. त्याच भीतीने आत्याने सही केली, तेही पाहिले आहे. म्हणून हे पत्र लिहायला वेळ लागला. भाऊबीजेला बोलावलेस तर येईन. न बोलावलेस तर इथूनच तुझ्या नावाने ओवाळीन. पट्टी मात्र सोडणार नाही.

सर्वजण जपून असा.

तुझी,
ताई


दापोडे,
१४ ऑक्टोबर २०२५

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

मोजणी झाली, तुझी पट्टी वेगळी निघाली. भागीदार रुसला, गेला आणि परत आला. हायवेजवळ दुसरी जमीन त्याला इतक्यात मिळेना. दरवाजा मागे गेला, गाळेही गेले. नणंदबाईंनी हिस्सा घेतला आणि वाटसरूंना वाटला, असे निशा भांडी घासताना मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणते. काका भाऊबीजेला येणार नाहीत.

मुरूम पडला. शेजारच्या गोदामांची शिफ्ट सुटली की बायका आता त्यावरून जातात. इतकी वर्षे त्या रस्त्याच्या कडेने एकीमागे एक, मागच्या गाडीचा कानोसा घेत जायच्या. परवा दोघीतिघी बरोबरीने चालल्या होत्या आणि बोलत होत्या. काय, ते ऐकू आले नाही. पण या रस्त्यावर त्या बोलू शकत नव्हत्या, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

भाऊबीजेला ये. निशा दारात येईल की नाही, सांगता येत नाही. मी उभा असेन.

तुझा,
हरेश